मोटारीतला पिवळा दिवा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी भरतकाम दाखवते. यंदा मला बोलण्याचा आग्रह झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी काय सांगणार? पण आमच्या जुन्या मोटारीने गेल्या पावसाळ्यात मला जे शिकवले, ते सांगते.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवर चालणारी. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा ठाण्याच्या दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून ती बंद पडून चालत नाही. एके दिवशी चाकामागच्या तबकड्यांत इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गॅरेजवाल्याने यंत्र लावून तो घालवला. आठ दिवसांत पुन्हा हजर! मग त्याने धुराच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. साडेतीन हजार रुपये गेले आणि पाचव्या दिवशी दिवा परत लागला. आता तो म्हणाला, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदला, तीस हजार लागतील. एवढे पैसे आणायचे कोठून? हे वैतागून म्हणाले, "दिव्यावर काळी पट्टीच चिकटवतो."

मला ते पटेना. शिट्टीचा आवाज नको म्हणून आपण कुकरची शिट्टी दाबून धरतो का?

मुलाला विचारून मी थोडी माहिती घेतली. इंजिनाचा कारभार पाहणारा एक लहानसा संगणक गाडीत असतो. बिघाड दिसला की तो दिवा लावतो आणि त्याचा क्रमांक टिपून ठेवतो. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना ही व्यवस्था एकाच नमुन्याची आहे. आपल्याकडे ती भारत स्टेज चारच्या गाड्यांबरोबर २०१० पासून आली. यंत्राने दिवा घालवला म्हणजे टिपण पुसले जाते, बिघाड तसाच राहतो.

आमचा क्रमांक होता पी ०१७१. म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. क्रमांक तक्रार सांगतो, कोणता भाग बदलावा हे सांगत नाही. ताप आहे एवढे थर्मामीटर सांगतो. तो कशाने आला हे वैद्याने शोधायचे. सेन्सर बिचारा खरेच बोलत होता, आणि आम्ही त्यालाच काढून टाकले!

मग दुधाच्या हिशेबाच्या वहीत मी रोज टिपू लागले. कापूरबावडीच्या चौकात गाडी उभी राहिली की थरथरते. कशेळीच्या पुलाकडे वेगाने गेली की ठीक चालते. ही वही घेऊन आम्ही दुसऱ्या, वयस्कर कारागिराकडे गेलो. त्याने ती हसण्यावारी नेली नाही. म्हणाला, "ताई, उभ्या गाडीत थरथर म्हणजे कोठूनतरी चोरून हवा शिरते आहे." इंजिन चालू ठेवून त्याने कान लावला. बारीक सूं सूं आवाज येत होता. एका रबरी नळीला वाकणाशी चीर पडली होती. त्याने चिरेवर बोट ठेवले आणि थरथर तत्काळ थांबली! इंजिनाच्या उष्णतेने रबर कडक होऊन तडकते, कुकरच्या जुन्या रिंगेसारखे. नवी नळी दोनशे ऐंशी रुपयांना आली. त्यानंतर दिवा लागलेला नाही.

भगिनींनो, प्रत्येक वेळी नळीच निघेल असे नाही. कधी उंदराने तार कुरतडलेली असते, कधी प्लग झिजलेले असतात, आणि कधी कन्व्हर्टर खरोखरच गेलेला असतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी क्रमांक विचारा, लिहून घ्या, आणि "हाच भाग बिघडला हे कशावरून?" असे विचारायला संकोचू नका. दिवा स्थिर असून गाडी नीट चालत असेल, तर चार दिवसांत दाखवली तरी चालते. तो लुकलुकू लागला तर मात्र गाडी सावकाश बाजूला घ्या. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळून टाकते. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर तेथेच थांबा.

काळी पट्टी अजून कपाटात पडून आहे. वही मात्र गाडीत ठेवली आहे, आणि आता हेच तीत टिपून ठेवतात.