डब्यावरील अक्षरें



जुबिलीच्या या आनंदाच्या प्रसंगीं विद्या व आरोग्य यांच्या संबंधाविषयीं चार शब्द आम्ही आपणांपुढें ठेवीत आहों. विद्येनें नोकरी मिळते हें सर्वांस ठाऊक आहे; परंतु विद्या प्राणही वांचविते, हें आपल्या यवतमाळ जिल्ह्यास फार मोठी किंमत देऊन कळलें.

सन २०१७ च्या हंगामांत कपाशीवर फवारणी करतांना या जिल्ह्यांतील सुमारें २० शेतकरी व शेतमजूर विषबाधेनें दगावले आणि शेंकडों रुग्णालयांत दाखल झाले. पीक उंच वाढलें होतें, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, निरनिराळीं रसायनें एकत्र कालविलीं जात होतीं. विष श्वासावाटे आणि त्वचेवाटे शरीरांत गेलें. याचा दोष केवळ निरक्षरतेस देणें अन्यायाचें होईल; विकणारा, सल्ला देणारा व देखरेख ठेवणारा यांची जबाबदारी मोठी आहे. ज्या मजुराच्या पाठीवर पंप असतो, त्याच्या हातीं पुष्कळदां डबा येतच नाहीं, कालविलेलें पाणी तेवढें येतें. मग त्यानें वाचावें तरी काय?

शेतांत आपण ज्यास ‘औषध’ म्हणतों तें विष आहे. त्याच्या डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग लाल असल्यास विष अत्यंत जहाल, पिवळा असल्यास त्याखालोखाल, निळा असल्यास मध्यम, हिरवा असल्यास त्याहून सौम्य. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ही खूण निरक्षरासही वाचतां येते. मात्र ती कोणीतरी एकदां शिकवावी लागते. डब्यासोबतच्या पत्रकांत विषबाधेचीं लक्षणें व उपाय दिलेले असतात. मळमळ, भोवळ, घाम, अंधुक दिसणें यांपैकीं कांहींही जाणवतांच काम थांबवावें आणि तें पत्रक घेऊन रुग्णालय गांठावें. कारण ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गाच्या विषावर डॉक्टर ॲट्रोपिन देतात, परंतु प्रत्येक विषास तें लागू पडत नाहीं. विषाचें नांव कळलें तर उपचारांतील मोलाचा वेळ वांचतो.

म्हणून सही करतां येणें एवढ्यावर साक्षरता संपत नाहीं. शाळेंत जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं घरीं पत्रक मोठ्यानें वाचून दाखवावें, डब्यास मात्र हात लावूं नये. शेतमालकानें मजुरास विषाचें नांव व रंग सांगितल्यावांचून पंप देऊं नये. आणि आपण सर्वांनीं फवारणीच्या हंगामापूर्वीं एक रविवार या शिक्षणास द्यावा. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं न येणाऱ्यांशेजारीं बसावें.

ज्याला अक्षर येतें, त्याच्यावर शेजाऱ्याच्या जिवाची थोडी जबाबदारी येते. ती आपण आनंदानें उचलूं, एवढीच आमची विनंती.