बर्फाच्या मुलखातला हायड्रेंजिया

अमेरिकेतल्या मिनेसोटासारख्या बर्फाळ राज्यात हायड्रेंजियाचं झुडूप कधी कधी पानांनी गच्च भरतं, पण फूल एकही नाही! दोष बहुतेकदा खताचा नसतो. निळ्या-गुलाबी गुच्छांची मॅक्रोफिला जात पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्याच्या अखेरीसच धरते. थंडीत त्या गोठून मरतात, मुळं मात्र जगतात. वाळक्या पानांचं जाड पांघरूण घालून कळ्या वाचवता येतात, पण दरवर्षी हा खटाटोप कोण करणार? त्यापेक्षा पॅनिक्युलाटा ही हायड्रेंजियाची दुसरी जात लावावी. ती नव्या फुटीवर फुलते, उणे ३५ अंशांतही तगते. इलिनॉयमधल्या ॲना गावाजवळ सापडलेली पांढरी ‘ॲनाबेल’ही नव्या फुटीवरच फुलणारी. या दोघींची छाटणी हिवाळा सरताना, कोंब फुटण्याआधी करावी. मॅक्रोफिलाला मात्र तेव्हा कात्री लावू नये.