मूत्रपिंड प्रत्यारोपण : पहिल्या शिफारसपत्राचा हिशेब

(डायलिसिस केंद्रांतील परिचारिका, तंत्रज्ञ व समाजसेवा अधीक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णास डायलिसिसच्या यंत्राने जगविता येते, ही विसाव्या शतकातील वैद्यकशास्त्राची फार मोठी देणगी होय. तथापि, हे जगणे यंत्राशी बांधलेले असते. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, दर खेपेस सुमारे चार तास, रुग्णाने खाटेवर पडून राहावयाचे आणि उरलेल्या दिवशी पाणीही मोजून प्यावयाचे. ज्याची प्रकृती शस्त्रक्रियेस योग्य असेल, त्यास प्रत्यारोपणाने सामान्यतः अधिक वर्षांचे आणि अधिक मोकळे आयुष्य लाभते. १९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्या भावास यशस्वीपणे बसविले, तेव्हापासून ही वाट खुली झाली आहे.

परंतु वाट खुली असणे निराळे आणि रुग्ण त्या वाटेस लागणे निराळे. प्रत्यारोपण करणारे रुग्णालय बहुधा दूरच्या शहरात असते. रुग्णाचा नित्याचा संबंध येतो तो डायलिसिस केंद्राशी. तेथील कोणीतरी त्यास ही माहिती सांगावी, शिफारसपत्र द्यावे आणि तपासणीसाठी पाठवावे, तेव्हाच पुढील सर्व गोष्टी घडतात. हे पाठविण्याचे काम एखादे केंद्र कितपत चोखपणे करते, हे मोजता येईल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाचा अभ्यास अमेरिकेत बारकाईने झालेला आहे. तेथे १९७२ च्या कायद्यान्वये मूत्रपिंडाच्या अखेरच्या अवस्थेतील बहुतेक रुग्णांच्या उपचारांचा भार केंद्र शासनाच्या मेडिकेअर या विमा योजनेने उचलला. प्रत्येक रुग्ण प्रत्यारोपणास योग्य आहे किंवा कसे, याचा विचार डायलिसिस केंद्राने केला पाहिजे, असा नियमही तेथे आहे. असे असता, किती रुग्णांची प्रत्यक्षात शिफारस झाली याची देशव्यापी नोंद मात्र दीर्घकाळ ठेवली जात नव्हती. प्रतीक्षायादीत नाव चढले की नोंद होई. त्यापूर्वी रुग्ण कोठे गळाला, हे कोणासच कळत नसे.

जॉर्जिया राज्यातील संशोधकांनी ही उणीव भरून काढली. त्यांनी राज्यातील प्रत्यारोपण केंद्रांकडून शिफारशींच्या नोंदी मिळविल्या आणि त्या डायलिसिसच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. ३०८ केंद्रे आणि २००५ ते २०११ या काळात डायलिसिस सुरू केलेले १५,२७९ रुग्ण यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. डायलिसिस सुरू झाल्यापासून एका वर्षाच्या आत शिफारस झालेल्या रुग्णांचे प्रमाण मध्यम प्रतीच्या केंद्रात २४.४ टक्के होते. पण काही केंद्रांत ते ७५ टक्क्यांपर्यंत होते, तर काही केंद्रांत शून्य! कमी शिफारस करणाऱ्या केंद्रांत गरीब वस्त्यांतील रुग्ण अधिक होते आणि एका समाजसेवकाकडे सोपविलेल्या रुग्णांची संख्याही अधिक होती. एवढा फरक केवळ रुग्णांच्या प्रकृतीमुळे पडला, असे म्हणणे कठीण आहे.

आता हे मोजमाप न्याय्य कसे करावयाचे? ज्या केंद्रात वृद्ध रुग्ण अधिक, तेथे शिफारशी कमी असणे स्वाभाविक आहे. म्हणून वय व सहव्याधी लक्षात घेऊन अपेक्षित संख्या काढतात आणि प्रत्यक्ष संख्येस तिने भागतात. उदाहरणार्थ, एखाद्या केंद्रात ३० शिफारशी अपेक्षित असून १५ च झाल्या, तर गुणोत्तर ०.५ येईल. मात्र येथे सावधगिरी हवी. वयासाठी सूट देणे योग्य. पण गरिबीसाठी सूट दिली, तर ज्या अन्यायाचा शोध घ्यावयाचा तोच आकड्यांआड दडून बसेल. तसेच, ज्या केंद्रात वर्षाकाठी पाचसहाच नवे रुग्ण येतात, त्याचे गुणोत्तर एकदोन रुग्णांनी वरखाली होते; अशा केंद्राचा निवाडा एका वर्षाच्या आकड्यावरून करू नये.

दुसरा मुद्दा जबाबदारीचा. अमेरिकेच्या शासनाने प्रतीक्षायादीतील रुग्णांच्या प्रमाणाचा निकष २०२२ च्या देयकवर्षापासून केंद्रांच्या मोबदल्याशी जोडला. परंतु यादीत नाव घालण्याचा निर्णय प्रत्यारोपण रुग्णालयाचा असतो. डायलिसिस केंद्राच्या हाती असते ती शिफारस, आणि तपासण्या पुऱ्या होईपर्यंत रुग्णास दिलेली साथ. ज्याच्या हाती जे काम, त्याच्याकडून त्याच कामाचा हिशेब मागावा, हेच न्यायाचे. उलटपक्षी, केवळ शिफारशी मोजल्या तर संख्या फुगविण्यासाठी नुसती पत्रे धाडली जातील. यास्तव शिफारस, तपासणीस आरंभ, यादीत नोंद आणि प्रत्यारोपण या चारही पायऱ्या निरनिराळ्या मोजाव्यात. म्हणजे रुग्ण कोणत्या पायरीवर अडला, ते दिसेल.

मोजण्याने काही साधते काय? जॉर्जियातच २०१४ साली कमी शिफारस करणाऱ्या केंद्रांपैकी काहींना त्यांचे स्वतःचे आकडे दाखविण्यात आले, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले गेले आणि रुग्णांचे प्रबोधन झाले. त्या केंद्रांतील शिफारशी इतरांच्या तुलनेत वाढल्या आणि कृष्णवर्णीय व गौरवर्णीय रुग्णांमधील तफावतही कमी झाली.

आपल्याकडील परिस्थिती निराळी आहे. भारतात बहुतेक मूत्रपिंडे जवळच्या नातलगांकडूनच मिळतात. मरणोत्तर दानातील मूत्रपिंडासाठी रुग्णाची नोंद मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्राकडे होते. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत यंत्रे आली आणि गोरगरिबांची मोठी सोय झाली. पण यंत्र जवळ आले म्हणून प्रत्यारोपणाची माहितीही जवळ आली, असे गृहीत धरता येणार नाही.

म्हणून आपणास एकच विनंती आहे. आपल्या केंद्राच्या नोंदवहीत आणखी तीन रकाने आखावेत : प्रत्यारोपणाची माहिती कोणत्या तारखेस दिली, शिफारसपत्र कोणत्या तारखेस दिले आणि दिले नसल्यास कारण काय. यास खर्च जवळजवळ नाही. वर्षअखेरीस त्या रकान्यांची बेरीज केली, म्हणजे आपले केंद्र किती रुग्णांना यंत्रावर जगविते याबरोबरच, किती रुग्णांना यंत्रापासून सुटण्याची वाट दाखविते, हेही आपणांस कळेल. तिसरा रकाना जेथे कोरा राहिला असेल, तेथे एक रुग्ण आपली वाट पाहत आहे, असे समजावे.