भागाकार, गुणाकार आणि घरातील वीज



जर्मन शास्त्रज्ञ ओम यांनी १८२७ साली मांडलेला नियम आपल्या न्हाणीघरातही लागू आहे. विजेच्या दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो. दोहोंचा गुणाकार केला की शक्ती मिळते. २३० व्होल्ट दाबावर गिझर ८ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्याचा रोध सुमारे २९ ओहम आणि शक्ती १८४० वॅट.

हाच गिझर ६ अँपिअरच्या सॉकेटला जोडला तर? तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. सहाचा वर्ग ३६, आठाचा ६४. म्हणजे उष्णता जवळजवळ पावणेदोन पट! पुष्कळदा आगीचे मूळ येथेच असते. म्हणून फ्यूज उडाला, तर त्यात जाड तार घालू नका. तो आपल्याला सावध करीत असतो. आधी गुणाकार करून पाहा.