पऱ्हाटीचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



वेचणी संपली की पऱ्हाटी उपटायची, बांधावर रचायची, उरली ती पेटवून द्यायची. कोणी मागितली तर "घेऊन जा, रान मोकळं होईल" म्हणून फुकट द्यायची. आज त्या पऱ्हाटीचा हिशेब करू.

कोरडवाहू रानात हेक्टरी साधारण २ ते ३ टन पऱ्हाटी निघते. वाळलेल्या एका किलोत साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी उष्णता असते. वीजकेंद्रातला देशी कोळसाही बराचसा याच घरातला. मग कोळसा टनावर विकतो आणि पऱ्हाटी फुकट का? कारण ती फुगीर. ट्रक भरतो, वजन भरत नाही, सगळा भाव भाडे खाते.

म्हणून ती दाबावी लागते. आधी तुकडे करायचे, ओल दहा टक्क्यांच्या आसपास आणायची, भुसा करून यंत्रात दाबायचा. दाबाने आणि उष्णतेने लाकडातले लिग्निन मऊ होते आणि तेच भुसा चिकटवते. वेगळा डिंक लागत नाही. ही झाली इंधनकांडी. चांगली कांडी पाण्यात बुडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने वीजकेंद्रांना कोळशात ५ टक्के असे जैवइंधन मिसळण्याचे धोरण ठरवले. म्हणजे गिऱ्हाईक आहे.

विकताना मात्र सांभाळा. ३० टक्के ओलीच्या क्विंटलात ३० किलो पाणीच असते. ओल मोजल्याशिवाय कटती मान्य करू नका. वाळवून द्या आणि सुक्या मालाचा भाव मागा. पण वाळवायच्या नावाखाली पऱ्हाटी पावसाळ्यापर्यंत बांधावर ठेवू नका. किडक्या बोंडांत शेंदरी बोंडअळी दडून राहते. २०१७ साली तिने काय केले ते विदर्भ विसरलेला नाही. फरदड न घेता रानातच तुकडे करा.

ज्वारीचा कडबा जनावरांचा, त्याला हात नाही. घरच्या चुलीचे सरपण आधी बाजूला काढा. पाला रानातच पडू द्या. पऱ्हाटीबरोबर जमिनीतले पालाशही जाते आणि ते राखेत उरते, म्हणून कारखान्याकडे राख परत मागा.

पुढल्या बैठकीला प्रत्येक गावाने लिहून आणावे: पऱ्हाटी किती, उपटणीची मजुरी किती, तुकडे करण्याचा खर्च किती, कारखाना किती लांब. त्या खर्चाच्या खाली एक काडीही द्यायची नाही.