मालमोटारीचा फिरता दांडा

धुळें शहराजवळ दोन मोठे राजमार्ग एकमेकांस छेदतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जाणारा, दुसरा सुरतेहून जळगांव-भुसावळावरून नागपुराकडे जाणारा. ह्या मार्गांवरून रात्रंदिवस मालमोटारी धांवत असतात. जळगांवच्या केळ्यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण रावेर-यावलच्या बागांतून हिरवीं कापलेलीं तीं केळीं सुमारें हजार किलोमीटरांवरील दिल्लीच्या बाजारांत वेळेवर पोंचलीं तरच त्या मानाला अर्थ. वाटेंत गाडी दोन दिवस अडली तर शेतकऱ्याच्या वर्षाच्या श्रमांचें मोल उतरतें. गाडी अडविणाऱ्या कारणांपैकीं एक कारण फारसें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, कारण तें गाडीच्या पोटाखालीं असतें. तें म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट. मिस्त्री लोक त्यास नुसतें ‘शाफ्ट’ म्हणतात.

मालमोटारीचें एंजिन पुढें आणि तिला ढकलणारीं चाकें मागें. गिअरबॉक्सपासून मागल्या आंसापर्यंत शक्ति पोंचविण्याचें काम हा पोलादी नळीचा दांडा करतो. परंतु गिअरबॉक्स सांगाड्याला जखडलेला, तर आंस पाट्यांवर टांगलेला. खळगा आला कीं आंस वरखालीं होतो. म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांस वळणारे सांधे लागतात, आणि लांबी कमीजास्त व्हावी म्हणून खांचांची एक सरकती जोडहि लागते. लांब गाडींत दांडा दोन तुकड्यांचा असतो. त्याचा मध्य रबरांत बसविलेल्या सेंटर बेअरिंगवर तोललेला असतो.

सांध्याच्या पोटांत ‘क्रॉस’ नांवाचा चार बाहूंचा तुकडा असतो. प्रत्येक बाहूवर एक टोपी आणि टोपींत सुयांसारखे बारीक रूळ. ह्या सांध्यास सोळाव्या शतकांतील इटालियन गणिती कार्डानो ह्याचें नांव मिळालें. सतराव्या शतकांत इंग्लंडच्या रॉबर्ट हुकनें त्याचा यंत्रांत उपयोग केला. ह्या सांध्यांत एक खोड आहे. तो वाकड्या रेषेंत फिरूं लागला कीं पुढला दांडा एकसारखा फिरत असतांहि मागला प्रत्येक फेऱ्यांत दोनदां जलद व दोनदां मंद होतो. कोन दहा अंशांचा असेल, तर मिनिटास १००० फेऱ्यांची गति सुमारें ९८५ व १०१५ ह्यांमध्यें हेलकावते. उपाय सोपा आहे: दोन्ही सांध्यांचे कोन सारखे ठेवावे व दोन्ही टोकांचे दुबेळके एका रेषेंत बसवावे, म्हणजे एकाचा दोष दुसरा फेडतो. म्हणूनच शाफ्ट सोडण्यापूर्वीं जोडांवर खूण करून ठेवणें अवश्य. सरकती जोड एका खांचेनें जरी फिरली, तरी नवे क्रॉस घातलेली गाडी जुन्याहून अधिक थरथरते, आणि बिचाऱ्या नव्या मालाला बोल लागतो.

दुखणें आधीं आवाजानें कळतें. गाडी सुटतांना किंवा मागें घेतांना ‘खट्’ असा ठोका बसला, तर क्रॉस झिजला असें समजावें. ठराविक वेगाला जमीन हादरल्यासारखी वाटली, तर सेंटर बेअरिंगचें रबर फाटलें असेल किंवा नळीचा तोल गेला असेल. टोपीभोंवतीं तांबूस गंजाची भुकटी दिसली, म्हणजे आंतील ग्रीस संपून लोखंड लोखंडाला खात आहे. ग्रीस देतांना बंदुकीचे दोन दट्टे मारून समाधान मानूं नये. चारहि टोप्यांच्या कडांतून जुनें काळें ग्रीस निघून नवें दिसेपर्यंत द्यावें. एका टोपींतून तें निघालें नाहीं, तर तोच बाहू कोरडा राहिला व उद्यां तोच तुटणार. खानदेशची धूळ, आणि पावसाळ्यांत साचलेल्या पाण्यांतून गाडी गेली कीं तें पाणी, हे ग्रीसचे दोन शत्रु होत.

बाहूवर नख अडकेल अशा रेघा पडल्या असतील, तर क्रॉस टोप्यांसकट बदलावा. जुन्या बाहूवर नव्या टोप्या चढविणें ही खोटी काटकसर. टोपी हातोड्यानें ठोकून काढण्यापेक्षां दाबयंत्रानें काढावी, म्हणजे दुबेळका वांकत नाहीं. नळीला चिकटविलेलीं लहान लोखंडी वजनें तोलासाठीं असतात, तीं निरुपयोगी म्हणून उडवूं नयेत. बोल्ट त्याच जातीचे घ्यावे व पुस्तिकेंत सांगितलेल्या ताणानें आवळावे. आणि सर्वांत पहिली गोष्ट: शाफ्ट सोडण्यापूर्वीं चाकांना दगड नव्हे, भक्कम लांकडी उटी लावावी. शाफ्ट सुटला कीं गाडी गिअरमध्यें असूनहि मोकळी होते, आणि खालीं निजलेला माणूस तिच्या वाटेंत असतो.

धांवत्या गाडीचा शाफ्ट तुटला तर त्याचें टोक खालीं लोंबून ब्रेकच्या नळ्या तोडूं शकतें. म्हणून त्याच्या भोंवतीं लोखंडी कडें असावें. आणखी एक हानि विशेष. उतारावर हलका गिअर टाकून चालक जो आवर घालतो, तो एंजिनापासून चाकांपर्यंत ह्याच दांड्यांतून पोंचतो. दांडा गेला कीं सारा भार एकट्या ब्रेकवर पडतो. ४ जुलै २०२३ रोजीं शिरपूर तालुक्यांतील पळासनेर येथें एक कंटेनर ट्रक बेताल होऊन किमान दहा माणसें मेलीं. तेव्हां ब्रेक निकामी झाल्याचें सांगण्यांत आलें. शाफ्टाचा तेथें संबंध नव्हता. पण उतारावर ब्रेक एकटा पडला म्हणजे काय होतें, हें त्या गांवानें पाहिलें. चाळीसगांवजवळच्या औट्रम घाटांतहि उताराचा नियम तोच.

ग्रीस देण्याचें काम बहुधा क्लीनर पोराकडे येतें. तें का करावयाचें हें त्याला कोणी सांगत नाहीं, म्हणून तें चुकतें. शहरांतील घरीं टोपलींत केळीं येतात, तीं ह्या पोरानें गाडीखालीं किती वेळ घालविला ह्यावरहि अवलंबून असतात. मालकानें त्याला ग्रीसच्या डब्याबरोबर अर्धा तास व दोन शब्दांचें कारण द्यावें. क्रॉसच्या किंमतीपेक्षां तें स्वस्त पडेल.