धुण्याचा सोडा, साबणाचा कीस आणि पनवेलचे पाणी

कपडे धुण्याची पावडर घरी तयार केल्याने पैसे वाचतात की नाही, याचे उत्तर तिच्या कृतीपेक्षा ती ज्या पाण्यात विरघळवायची त्या पाण्यात अधिक सापडते. आणि पनवेलसारख्या शहरात, जिथे काही वस्त्यांच्या नळाला गाढी नदीवरील देहरंग धरणात साठलेले पावसाचे पाणी येते, तर काही वसाहतींना उन्हाळा तापला की कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी भरावे लागते, तिथे एकच कृती दोन घरांत दोन वेगळे परिणाम दाखवू शकते.

धरणात साठलेले पावसाचे पाणी बहुधा मृदू असते, म्हणजे त्यात साबणाचा फेस सहज होतो. अशा पाण्याला शालेय पुस्तकांत 'सुफेन' म्हटले जाते. काळ्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत खाली गेलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे क्षार उतरलेले असतात आणि त्या पाण्याला 'दुष्फेन' हे नाव आहे. साबण म्हणजे तेलातील मेदाम्लांचा सोडियम क्षार. त्याच्या कणाचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढले जाते, त्यामुळे तो कपड्यावरील तेलकट मळ सोडवून पाण्यात आणतो. पण दुष्फेन पाण्यात कॅल्शियम त्याला आधीच गाठतो आणि त्याची न विरघळणारी साय बनते, जी बादलीच्या कडेला, नळीत आणि शेवटी पांढऱ्या सदऱ्यावर करडी छटा म्हणून बसते. बाजारातील पावडरीत असलेल्या अपमार्जकाची, म्हणजे साबणासारखे काम करणाऱ्या कृत्रिम द्रव्याची, अशी साय बनत नाही, आणि घरगुती पावडरीच्या बहुतेक तक्रारी या एकाच फरकातून निघतात.

घरगुती पावडरीची सर्वांत प्रचलित कृती सोपी आहे: कपड्यांच्या साबणाची वडी किसून, कीस उन्हात कडक वाळवून, त्यात दुप्पट वजनाचा धुण्याचा सोडा मिसळणे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो खाण्याच्या सोड्याहून वेगळा आणि बराच अधिक तीव्र असतो. तो मीठ व चुनखडी यांपासून कारखान्यांत तयार होतो आणि किराणा दुकानात सुटा व स्वस्त मिळतो. या कृतीत खरी बचत सोड्याचीच आहे, कारण साबण कितीही किसला तरी त्याची किंमत कमी होत नाही, हे सांगणे कृतीच्या उत्साहात राहून जाते. सोडा मळातील तेल सैल करतो आणि पाण्यातील कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात तळाशी बसवतो. त्यामुळे दोन्ही एकत्र ओतण्यापेक्षा सोडा आधी बादलीत विरघळवून, पाच-दहा मिनिटांनंतर साबणाचा कीस घातल्यास थोड्या साबणात अधिक कपडे निघतात. तयार मिश्रणात ही क्रमाची सोय राहत नाही. कोणते पाणी आले आहे हे ओळखण्यासाठी पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी घेऊन साबणाच्या पाण्याचे चार थेंब टाकून हलवावे. फेस टिकला तर पाणी मृदू, आणि दह्यासारखी फुटी दिसली तर सोड्याची मात्रा वाढवणे भाग आहे.

स्वस्त पावडर ही कल्पना मुळात घरगुतीच आहे. सर्फ १९५९ मध्ये भारतात आली; १९६९ मध्ये करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत घराच्या अंगणात पावडर तयार करून सायकलवरून विकायला सुरुवात केली आणि ती 'निरमा' प्रस्थापित पावडरीच्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या किमतीत देऊ केली. महाराष्ट्रात महिला बचत गट आजही ज्या पद्धतीने पावडर करतात तिच्यात 'ॲसिड स्लरी' हा मुख्य घटक असतो. ते सल्फॉनिक आम्ल आहे, आणि सोड्यात मिसळताच मिश्रण तापते, वायू निघतो, फेसाळते. हातमोजे, चष्मा आणि मोकळी जागा यांच्याशिवाय हे काम स्वयंपाकघरात करणे म्हणजे चार पैशांसाठी डोळे पणाला लावणे होय, आणि एका कुटुंबाच्या गरजेसाठी त्याची आवश्यकताही नाही.

साबण स्वतः करण्याचा मार्ग मात्र पनवेल तालुक्याला नवा नाही. गोव्याच्या रस्त्यावर कर्नाळ्याच्या पुढे तारा गावात, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या युसूफ मेहेरअली सेंटरने ग्रामोद्योगांत तेलघाणीबरोबर साबणाचाही समावेश केला. ज्यांच्या नावाने ते उभे आहे, ते मेहेरअली १९४२ मध्ये मुंबईचे महापौर होते. अखाद्य तेलांपासून साबण करण्याचा कार्यक्रम खादी ग्रामोद्योगाच्या चळवळीनेही पुढे नेला, आणि कोकणात त्यासाठी करंज व उंडी ही झाडे हाताशी आहेत. घरी करायचे तर एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. करंजाला प्रमाण वेगळे, म्हणून वजनकाटा हवाच. कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावा, पाणी कॉस्टिकवर ओतू नये, आणि ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण कॉस्टिक ते खातो. वड्या महिनाभर सुकू द्याव्या लागतात. खोबरेलाचा साबण क्षारयुक्त पाण्यातही फेस देतो, हा किनारपट्टीच्या रहिवाशांना उपयोगी पडणारा गुण आहे.

तुलना करायची ती किलोच्या भावाची नव्हे, बादलीच्या भावाची. स्वस्त पावडरीत मीठ, सोडियम सल्फेट, डोलोमाइट अशी भर असते आणि तिचा चमचा मोठा लागतो, तर महाग पावडरीतील विकरे, म्हणजे रक्त-दुधाचे डाग तोडणारी द्रव्ये, घरच्या मिश्रणात नसतातच. रेशीम आणि लोकर यांना सोडा लावू नये, कारण ते प्रथिनांचे धागे आहेत आणि तीव्र अल्कलीने विरतात. त्यांना बी काढलेल्या रिठ्याचे रात्रभर भिजवून उकळलेले, गाळलेले पाणी चालते, परंतु ते दोन-तीन दिवसांत नासते. स्वयंचलित यंत्रात साबणाचा कीस वापरणे टाळावे, कारण तिथे साय पिंपाच्या आतल्या कडांना धरते. आणि आषाढ-श्रावणात, घरातल्या दोरीवर कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात तेव्हा, धाग्यांत उरलेला साबणच कुबट वासाला आमंत्रण देतो. म्हणून त्या दिवसांत कीस निम्मा आणि खळबळण्याचे पाणी एक बादली अधिक घ्यावे, तसेही तेव्हा पनवेलला पाण्याची वानवा नसते.